हस्तकला आणि तरुणांचा रोजगार : शिकण्याच्या काळातील रोजीचा प्रश्न

कलेवर आधारलेले उद्योग असा शब्दप्रयोग आज केला जातो तेव्हा डोळ्यांसमोर प्रथम येतात ते चित्रपट, अॅनिमेशन आणि संगणकीय खेळ. मे २०२५ मध्ये मुंबईत भरलेली जागतिक दृक्‌श्राव्य व मनोरंजन शिखर परिषद आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने या क्षेत्रासाठी मंजूर केलेले स्वतंत्र धोरण यांमुळे तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या उद्योगात माणसाच्या हाताचे कसब हेच मुख्य भांडवल आहे, असा देशातील फार जुना आणि कामकऱ्यांच्या संख्येने फार मोठा उद्योग हातमागाचा होय. तरुणांच्या रोजगाराचा विचार करताना त्याला बाजूला ठेवून चालणार नाही.

२०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख २२ हजार विणकर व संलग्न कामगार होते. त्यांपैकी सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. हाच आकडा १९८७-८८ मध्ये ६७ लाखांहून अधिक होता आणि २००९-१० मध्ये तो ४३ लाखांच्या आसपास आला होता. म्हणजे एका पिढीच्या अवधीत ही संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. यंत्रमागाची स्पर्धा हे याचे एक कारण खरे. पण त्याच गणनेतील दुसरी एक नोंद अधिक बोलकी आहे. विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांहून कमी असल्याचे तीत आढळून आले. वृद्ध विणकरांनी माग सोडणे हा निसर्गक्रम झाला. त्यांच्या जागी नवे हात येत नाहीत, ही खरी चिंतेची बाब होय; आणि घरात हे उत्पन्न पाहत वाढलेला मुलगा मागाकडे पाठ फिरवीत असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र आणि राज्य शासनांनी या व्यवसायासाठी अनेक योजना आखल्या. त्यांपैकी कोणत्या योजनांनी तरुण माणूस कलेकडे आला व टिकून राहिला, आणि कोणत्या योजना केवळ प्रमाणपत्रे देऊन थांबल्या, याचा पडताळा घेण्यास पैठणीचा माग हे चांगले उदाहरण आहे.

मागावरचे शिक्षण

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. येथील तलम वस्त्रांची कीर्ती जुनी असून पेशवाईत येथील असावलीच्या शेल्यांना मोठी मागणी असे. नाशिक जिल्ह्यातील येवला हे या विणकामाचे दुसरे, आणि आज अधिक मोठे केंद्र होय. येवल्याचा इतिहास धोरणाच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे. गावाचा संस्थापक रघोजी नाईक याने व्यापारी आणि कारागीर यांना येथे वसविले व त्यांना संरक्षण दिले. पण त्याबरोबरच रेशमी मालाचा मक्ता व्यापाऱ्यांच्या एका गटाकडे राहिला. बाहेरच्या माणसाला धंद्यात शिरायचे तर रक्कम मोजावी लागे. १८६४ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने हा मक्ता मोडला, आणि त्यानंतर अन्य समाजांतील कारागिरांनाही माग टाकता आले. नव्या माणसाला दार उघडणे हेही शासनव्यवस्थेचे एक मोठे साहाय्यच असते, त्यासाठी दरवेळी तिजोरी उघडावी लागते असे नाही.

अस्सल पैठणीचे विणकाम कसे चालते हे लक्षात घेतल्यावाचून तिच्या शिक्षणाचा प्रश्न उमगणार नाही. नवशिका मुलगा किंवा मुलगी प्रथम रहाटावर कांड्या भरते, रेशमाचे धागे सोडविते. जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचे हजारो धागे एकेक करून जुन्या धाग्यांना जोडावयाचे, या सांधणीच्या कामात डोळे आणि बोटे तयार होतात. मग साडीच्या अंगाचे साधे विणकाम. काठ आणि अंग यांचे धागे जेथे मिळतात तेथे ते एकमेकांत गुंतवून घ्यावे लागतात, कारण काठाचा रंग वेगळा व अंगाचा वेगळा असतो. सर्वांत शेवटी पदर. पदराची जमीन जरीची असते आणि तीवर रेशमाने मोर, पोपट, कमळ, असावलीची वेल उमटवावयाची असते. यासाठी एक धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत फेकून भागत नाही. प्रत्येक रंगाची लहानशी कांडी ज्याच्या त्याच्या जागी हाताने फिरवावी लागते, आणि शेजारच्या रंगाशी तिचा धागा अडकवून परत आणावा लागतो. अशा डझनावारी कांड्या एकाच वेळी पदरावर लोंबत असतात. भरगच्च पदर दिवसाकाठी इंच-दोन इंचच पुढे सरकतो. असे विणलेले वस्त्र उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. जाणकार पदर उलटून पाहतात ते याचसाठी. साधी पैठणी काही आठवड्यांत उतरते, तर पदर मोठा आणि अंगावर बुट्टे दाट असतील तर कित्येक महिने जातात.

आता या शिक्षणाचा खर्च कोण करतो, हे पाहावे. त्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग मालाचा. रेशीम दक्षिणेतून येते, जर सुरतेहून येते, दोन्ही महाग. शिकाऊ हाताने पदर चुकला तर तो उसवावा लागतो, आणि उसवलेली जर पूर्ववत होत नाही. दुसरा भाग गुरूच्या वेळेचा. येवल्यातील बहुसंख्य विणकर नगावर मजुरी घेतात. साडी उतरली की पैसे. शेजारी बसलेल्याला शिकविताना हात मंदावला तर ते नुकसान विणकराच्याच पदरात पडते. तिसरा भाग शिकणाऱ्याच्या पोटाचा. अठरा-वीस वर्षांचा तरुण कित्येक महिने काहीही न मिळविता मागाशेजारी बसेल, आणि तेवढ्यात शेजारचा मित्र एखाद्या दुकानात वा कारखान्यात रोजंदारी आणू लागलेला असेल, तर मागाची गोडी किती काळ टिकावी?

विणकराच्या कुटुंबात हे तिन्ही खर्च घरातच जिरून जात. मूल लहानपणापासून कांड्या भरी, बापाचा वेळ हिशेबात धरला जात नसे, आणि जेवण घरचेच असे. म्हणूनच ही कला वडिलांकडून मुलाकडे विनासायास गेल्याचे भासते. प्रत्यक्षात ते शिक्षण फुकट नव्हते, त्याची किंमत कुटुंब भरीत होते. मुले शाळेत जाऊ लागली, आणि ते इष्टच झाले, तेव्हा बालपणीची ही विनामूल्य उमेदवारी संपली. आता जो तरुण येतो तो शाळा किंवा महाविद्यालय संपवून येतो, त्याला खर्च असतात आणि त्याच्यापुढे पर्यायही असतात. हस्तव्यवसायाविषयीची पुष्कळशी धोरणे अजूनही जुने कुटुंब गृहीत धरून आखली जातात, हा त्यांतील मुख्य दोष म्हणावा लागेल.

१९७० च्या दशकात पैठणमध्ये हा व्यवसाय अगदी क्षीण झाला होता. त्या दशकात महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने, म्हणजे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शासनाच्या उपक्रमाने, तेथे पैठणीचे केंद्र उभे केले. या केंद्राचे महत्त्व त्याच्या रचनेत आहे. माग महामंडळाचे, रेशीम आणि जर महामंडळाची, आणि विणून झालेली पैठणी विकण्याची जबाबदारीही महामंडळाचीच. वर सांगितलेल्या तीन खर्चांपैकी निदान मालाचा धोका अशा रीतीने शिकणाऱ्याच्या आणि गुरूच्या डोक्यावरून उतरला. गिऱ्हाईक शोधण्याची वणवणही उरली नाही. विणकर घराण्यात न जन्मलेल्या मुलामुलींना, विशेषतः स्त्रियांना, या मागावर बसण्याचा मार्ग यामुळे मोकळा झाला. येवला परिसरातही पुढील काळात हेच घडले. मागणी वाढली तशी पूर्वी ठरावीक समाजांपुरती असलेली ही कला आसपासच्या खेड्यांतील अन्य समाजांच्या तरुणांनी आत्मसात केली. तेथे मात्र खर्च उचलला तो शासनाने नव्हे, तर व्यापाऱ्याने आणि आधी शिकलेल्या नातलगाने वा मित्राने. मागणी जोरात असेल तर व्यापाऱ्याला नवशिक्यावर पैसे लावणे परवडते. ती मंदावली की सर्वप्रथम कपात होते ती याच ठिकाणी.

चित्रकार मागाच्या घरी

कलेच्या क्षेत्रात शासन तरुणाला काम देते तेव्हा त्या कामाचे परिणाम कोठवर जातात, याचे एक उदाहरण मुंबईतच घडले आहे. १९५२ मध्ये केंद्र शासनाने अखिल भारतीय हातमाग मंडळ व हस्तव्यवसाय मंडळ स्थापन केले. (ही दोन्ही मंडळे २०२० मध्ये विसर्जित करण्यात आली.) १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे सुरू झाली आणि मुंबईचे केंद्र त्यांतील अगदी आरंभीचे. जुन्या नमुन्यांची जपणूक करणे, नवे नमुने तयार करणे आणि ते विणकरांपर्यंत पोहोचविणे हे या केंद्रांचे काम. हे नमुने काढायचे कोणी? श्रीमती पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने त्यासाठी कलाशाळांतून बाहेर पडलेल्या चित्रकारांना केंद्रांत नोकऱ्या देण्यात आल्या. के. जी. सुब्रह्मण्यन हे १९५९ ते १९६१ या काळात मुंबईच्या केंद्रात होते. प्रभाकर बरवे यांनी १९६१ पासून काही वर्षे वाराणसीच्या व पुढे दीर्घकाळ मुंबईच्या केंद्रात काम केले. चित्रे विकून घर चालविणे त्या काळात दुरापास्त होते. दरमहा मिळणाऱ्या पगाराने या कलावंतांना उभे राहण्यास जमीन दिली, तर हातमागाला ताज्या नजरेचे आरेखन मिळाले. कलावंतासाठी स्वतंत्र अनुदान, वृत्ती किंवा पुरस्कार असे काहीही येथे नव्हते. एक साधी सरकारी नोकरी होती.

याच मुंबई केंद्राशी संबंधित असलेले भास्कर कुलकर्णी यांचा वृत्तान्त विशेष सांगण्यासारखा आहे. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. मिथिलेतील स्त्रिया विवाहप्रसंगी घराच्या भिंतींवर जी चित्रे काढीत, ती कागदावर काढून घ्यावीत आणि त्यांची विक्री करून त्यांना उत्पन्न मिळवून द्यावे, अशी कल्पना पुढे आली. हस्तव्यवसाय मंडळाच्या वतीने पुपुल जयकर यांनी कुलकर्णी यांना कागद देऊन मधुबनी भागात धाडले. दुष्काळी कामावर एरव्ही खडी फोडली जाते आणि माती वाहिली जाते. येथे हाती कुंचला आला. आरंभी अनेक स्त्रिया संकोचल्या, मोजक्याच पुढे आल्या. परंतु त्यांची चित्रे विकत घेतली गेली, पैसे हाती पडले, आणि जितवारपूरसारख्या गावांतून चित्रकर्तींची एक परंपराच उभी राहिली. जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे सीता देवी आणि गंगा देवी यांचाही तसाच गौरव झाला. आज मधुबनी चित्रकला हा त्या प्रदेशातील हजारो घरांचा व्यवसाय आहे. तेथे शिकविण्यासाठी वर्ग काढलेला नव्हता, कारण कला त्या घरांत होतीच. शासनाने आणले ते दोनच पदार्थ : कागद आणि गिऱ्हाईक. गरजूला आधी काम आणि त्याचे दाम, हेच सूत्र महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमी योजनेत स्वीकारले आणि १९७७ मध्ये त्याला कायद्याचे स्वरूप दिले, याची येथे आठवण होते.

पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी हेच कुलकर्णी डहाणू भागातील वारली पाड्यांवर पोहोचले. तेथील चित्रेही विवाहाशी निगडित. सवाष्ण स्त्रिया शेणामातीने वा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहीत आणि त्यात पालघाट देवीची प्रतिष्ठा होई. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी हे विधिपूर्वक लेखन पुरुष असूनही हाती घेतले आणि ते लग्नाच्या भिंतीपलीकडे नेले : शेती, मासेमारी, तारपा नृत्य, आगगाडीसुद्धा त्यांच्या चित्रांत आली. कागद व कापड मिळाले. १९७५ मध्ये मुंबईत कलादालनातून त्यांची चित्रे प्रदर्शित झाली, १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि २०११ मध्ये पद्मश्री. १९८९ च्या पॅरिसमधील प्रसिद्ध प्रदर्शनातही त्यांचा समावेश होता. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांतील अनेक तरुण चित्रकलेवर संपूर्ण वा अंशतः गुजराण करू लागले होते. एका माणसाचे चित्र विकले गेल्याचे पाड्यावरच्या दहा तरुणांनी पाहिले, हाच तेथला प्रसार आणि हेच तेथले प्रशिक्षण.

वारलीला ज्या गतीने तरुण लाभले त्या गतीने पैठणीला ते का लाभले नाहीत, याचे उत्तर पुन्हा त्या तीन खर्चांत आहे. तांदळाचे पीठ, बांबूची काडी आणि कागद यांना फारसे मोल पडत नाही. चुकलेले चित्र फेकून दुसरे सुरू करता येते. शेतीची कामे सांभाळून शिकता येते. अशा कलेला बाजारपेठ मिळवून दिली की पुरेसे होते, तरुण आपोआप येतात. मग प्रश्न उद्भवतो तो नकलांचा आणि भाव पडण्याचा, ज्यासाठी २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले. पैठणीचे तसे नाही. तेथे बाजारपेठ असूनही शिकाऊ उमेदवाराच्या महिन्यांचा खर्च कोणीतरी उचलल्यावाचून नवा विणकर तयार होत नाही. सर्व हस्तकलांना एकाच मापाची योजना लावण्याची प्रशासनाची प्रवृत्ती असते. या दोन कलांची ही तुलना तिच्याविरुद्ध पुरेसा पुरावा ठरावी.

काम आहे, कसब नाही; शिक्षण आहे, काम नाही

यापूर्वीच्या दोन मोठ्या योजनांचा अनुभव याच बाबतीत उपयुक्त आहे. १९७६ मध्ये केंद्र शासनाने जनता कापड योजना सुरू केली. हातमागावर स्वस्त धोतरे व साड्या विणून घ्यावयाच्या, त्यांवर अनुदान द्यावयाचे. विणकराला काम आणि गरिबाला वस्त्र, असा तीत दुहेरी हेतू होता. महाराष्ट्रात १९७१ मध्ये स्थापन झालेल्या राज्य हातमाग महामंडळासारख्या संस्था अशा कामासाठी होत्याच. बेकार मागांना तिने काम दिले हे नाकारता येणार नाही. परंतु जाडेभरडे एकसुरी कापड विणण्यात कसबाला वाव नव्हता आणि मजुरीही बेताचीच होती. उत्तम कारागीरही त्यात साधा मजूर होऊन बसला, आणि अनुदान हेच उद्दिष्ट होऊ लागले. १९९० च्या दशकात ती टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली.

दुसरी योजना १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झालेली, ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारी 'ट्रायसेम'. अठरा ते पस्तीस वयाच्या तरुणांना प्रशिक्षण, त्या काळात विद्यावेतन, नंतर हत्यारांचा संच आणि एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून कर्ज, अशी तिची आखणी होती. कागदावर ती निर्दोष वाटावी अशीच होती. विद्यावेतनाचा विचार तीत होता हे विशेष. तथापि व्यवसायाची निवड अनेकदा कोणता प्रशिक्षक उपलब्ध आहे यावरून होई; गावात त्या वस्तूला गिऱ्हाईक आहे किंवा नाही, हे कोणी पाहत नसे. एका गावात एकाच वेळी पुष्कळ तरुण शिवणकाम शिकले तर पुरेसे कपडे शिवायला येणार कोठून? विद्यावेतन संपले की प्रशिक्षणही विस्मृतीत जाई. १ एप्रिल १९९९ पासून ही योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली.

पहिल्या योजनेत खरेदीदार होता, पण शिकण्यासारखे काही नव्हते. दुसरीत शिकवणी होती, पण खरेदीदार नव्हता. पैठणच्या केंद्रात, अल्प प्रमाणात का होईना, दोन्ही एकत्र आले होते.

संरक्षण आणि ओळख

दरम्यान शासनाने हातमागाच्या संरक्षणासाठी कायद्याचा आधार दिला. १९८५ च्या अधिनियमाने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. आरंभी असे २२ प्रकार होते, १९९० च्या दशकात ते ११ वर आले. साडी त्यांत आजही आहे. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. मात्र यंत्रमागावर निघालेल्या नकलेला रोखणे हे कायद्याच्या कलमापेक्षा तपासनिसाच्या पायांवर अधिक अवलंबून असते. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक उपदर्शन मिळाले, २००६ पासून हातमागाची स्वतंत्र मुद्राही आहे. तरीही यंत्रावर व अन्य प्रांतांत निघालेल्या साड्या पैठणी या नावाने सर्रास विकल्या जातात. त्यांच्या पदराची उलटी बाजू पाहिली की तुटके वा लोंबते धागे दिसतात. पण लग्नाच्या घाईत पदर उलटून पाहणारे थोडेच. नकली माल विकणे गुन्हा आहे, एवढ्याने विणकराला भाव मिळत नाही. पैठण व येवल्यात प्रत्येक मागावर उतरलेल्या साडीची नोंद करून तिला ओळखचिन्ह देण्याची व्यवस्था नेमाने चालली, तर ग्राहक अधिक दाम देण्यास तयार होईल, आणि त्या दामातूनच शिकाऊ उमेदवाराच्या रोजीची तरतूद निघू शकेल.

आजच्या योजना त्या कसोटीवर

सांप्रत कारागिरांसाठी सर्वांत मोठी योजना म्हणजे १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना. १३,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत सुतार, लोहार, कुंभार, मूर्तिकार, चर्मकार, खेळणी बनविणारे अशा १८ व्यवसायांचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, १५,००० रुपयांचा हत्यारसंच आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. विद्यावेतनाचा हा दर सन्मान्य आहे. परंतु पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण हे ज्याला धंदा येतो त्याच्यासाठी ठीक; ज्याला तो मुळापासून शिकायचा आहे त्या तरुणासाठी नव्हे. शिवाय एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला नोंदणी करता येते, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित अपत्ये. वडिलांनी नोंदणी केली की त्याच घरात शिकत असलेला मुलगा वा मुलगी योजनेबाहेर राहते. मर्यादित निधी अधिकाधिक घरांत पोहोचावा या हेतूने घातलेली ही अट समजण्याजोगी आहे; तथापि पुढची पिढी व्यवसायात यावी हा हेतू असेल तर ती तपासून पाहिली पाहिजे.

विणकरांचा या १८ व्यवसायांत समावेश नाही, कारण त्यांच्यासाठी राष्ट्रीय हातमाग विकास कार्यक्रम स्वतंत्रपणे चालतो. शिवाय रेशीम व सुताच्या किमतीवर ठरावीक मर्यादेपर्यंत १५ टक्के अर्थसाहाय्य आहे आणि विणकरांना मुद्रा कर्ज ६ टक्के व्याजाने मिळू शकते. वर सांगितलेल्या तीन खर्चांपैकी मालाचा भार यामुळे काहीसा हलका होतो. मात्र हे साहाय्य विणकराला आहे. अद्याप विणकर न झालेल्याला नाही.

राज्य शासनाच्या २०२३ ते २०२८ या कालावधीच्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवतकाठी, खण आणि घोंगडी या पाच पारंपरिक वस्त्रप्रकारांना प्रथमच एकत्रित स्थान देण्यात आले. या वस्त्रांच्या विणकरांना गणेशोत्सवाच्या सुमारास वार्षिक उत्सव भत्ता देण्याची तरतूद असून, पुरुष विणकरास १०,००० रुपये व स्त्री विणकरास १५,००० रुपये असा त्याचा दर आहे. स्त्रियांना अधिक दर ठेवण्यात दूरदृष्टी दिसते, कारण मागावर आता बहुसंख्येने त्याच आहेत. विणकर असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे, अशी भावना अशा भत्त्याने निर्माण होते, आणि तरुणाच्या निवडीत प्रतिष्ठेला किंमत असते.

आता उरतो तो गुरूच्या वेळेचा आणि शिकणाऱ्याच्या महिन्यांचा खर्च. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम कारखान्यांना व आस्थापनांना लागू होतो. तेथे उमेदवाराला विद्यावेतन द्यावे लागते आणि त्यातील काही वाटा शासन उचलते. घरातला माग या अर्थाने आस्थापना नाही. हस्तव्यवसायाच्या क्षेत्रात गुरु-शिष्य पद्धतीने प्रशिक्षण देण्याची केंद्र शासनाची योजना आहे, तीत गुरूला मानधन व शिष्याला विद्यावेतन मिळते. परंतु वर्ग काही महिन्यांचा असतो आणि वर्ग संपताच ते थांबते. याच तत्त्वाचा विस्तार करून, येवला, पैठण, नागपूर यांसारख्या केंद्रांत मान्यताप्राप्त विणकराच्या घरच्या मागालाच उमेदवारीची जागा समजणे अशक्य नाही. एका गुरूकडे एक उमेदवार, निदान वर्षभर. उमेदवाराला कारखान्यातील शिकाऊ कामगाराइतके विद्यावेतन, गुरूला त्याच्या मंदावलेल्या हाताची भरपाई, आणि पहिल्या दोन साड्यांची हमीपूर्वक खरेदी. खरेदीचे काम महामंडळांनी पूर्वी केलेले आहे, त्यासाठी नवे यंत्र उभारावे लागणार नाही. उमेदवारांची निवड करताना विणकर घराण्यातील असण्याची अट मात्र घालू नये. जे मागाशेजारी वाढले ते शिकतीलच. इतरांना ही एकच वाट असेल.